तीस युनिटांची पात्रता

वीज कशासाठी हवी, हा प्रश्न या देशात राज्यकर्त्यांच्या बैठकीत एका दलित माणसाने विचारला होता, ही गोष्ट आपल्या चळवळीतही फारशी कोणी सांगत नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या वीजविषयक धोरण समितीसमोर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे भाषण झाले. वीज खाजगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या, केंद्राच्या की प्रांतांच्या, हे प्रश्न त्यांनी मांडलेच. पण त्याही पुढे जाऊन मुळात स्वस्त आणि मुबलक वीज हवी कशाला, असे विचारले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की तिच्यावाचून उद्योगधंदे उभे राहणार नाहीत आणि उद्योगधंद्यांवाचून इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात हे भाषण आहे. आपण बाबासाहेबांना हाती संविधान देऊन चौकाचौकात उभे केले, ते योग्यच झाले. परंतु त्याच चौकातल्या विजेच्या खांबाशी त्यांचा काय संबंध होता, हे मात्र आपल्या पोरांना सांगितले नाही.

‘स्वस्त’ आणि ‘मुबलक’ हे ते दोन शब्द. गरिबाच्या वीजबिलाला सरकारने केलेल्या मदतीचा इतिहास या दोन शब्दांवर घासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आणि तो मी ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांतून पाहणार आहे, कारण मी तिथलाच आहे.

या पट्ट्याला वीज नवी नाही. ठाकुर्लीजवळ चोळे गावात जी. आय. पी. रेल्वेने १९२० च्या दशकाच्या अखेरीस कोळशावर चालणारे वीजघर उभारले. घाटावर जाणाऱ्या गाड्या विजेवर धावू लागल्या त्या या वीजघराच्या बळावर. १९८० च्या दशकात ते बंद पडले, पण ‘पॉवर हाऊस’ हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे. कल्याण-शिळ रस्त्यावर तर एका नाक्याचेच नाव ‘टाटा पॉवर’. उच्च दाबाच्या तारा तिथून कल्याण पूर्वेच्या चाळींवरून जातात. पावसाळ्यात त्या गुरगुरतात. त्या आवाजाखाली झोपणाऱ्या घरात दिवा आहे की नाही, याच्याशी त्या तारांना काही देणेघेणे नव्हते. वीज रेल्वेची होती, गिरण्यांची होती, मुंबईची होती.

या चाळींत राहणारी माणसे मुळची कुठली? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, खानदेश, नगर इथून निघालेले दलित कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या आसऱ्याला आले. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमची घरे पेटवली गेली तेव्हाही काही आले. ज्या गावांतून ती आली त्यांतल्या अनेकांची सरकारदरबारी ‘विद्युतीकरण झालेले गाव’ अशी नोंद होती. ही नोंद कशी होत असे, ते पाहण्यासारखे आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत! म्हणजे पाटलाच्या विहिरीवर एक पंप चालू झाला, की महारवाड्यातला अंधारही कागदावर उजळून निघत असे. १९९७ मध्ये व्याख्या बदलून वीज लोकवस्तीत पोचली पाहिजे असे ठरले. पण लोकवस्ती कोणाची? २००४ मध्ये तिसरी व्याख्या आली. निदान दहा टक्के घरांत वीज हवी, आणि रोहित्र व तारा गावाच्या वस्तीबरोबरच दलित वस्तीतही पोचलेल्या हव्यात, असे तीत म्हटले गेले. स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षांनी सरकारला ‘दलित वस्ती’ हे शब्द विजेच्या व्याख्येत वेगळे लिहावे लागले. गावकुसाचा याहून सरकारी पुरावा दुसरा कोणता हवा?

मदतीच्या योजनाही याच वाटेने आल्या. १९८८-८९ मध्ये ‘कुटीर ज्योती’ आली: दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण कुटुंबाला एक दिव्याची जोडणी. नावातच कुटीर आणि ज्योत. म्हणजे घर नव्हे, झोपडी. वीज नव्हे, पणती. २००५ मध्ये ती राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत विलीन झाली. दोन्ही योजना ग्रामीण. आणि आम्ही तर गाव सोडून आलेलो. ठाणे १९८२ मध्ये महानगरपालिका झाले, कल्याण-डोंबिवली १९८३ मध्ये. ज्याच्याकडे गावात दिवा नव्हता तो दिव्याची योजना येण्याआधी शहरात आला, आणि शहरात आल्यामुळे योजनेबाहेर गेला. शहरी गरिबाचे घर केंद्राच्या घरजोडणी योजनेत स्पष्टपणे आले ते २०१७ च्या ‘सौभाग्य’मध्ये.

तोवर शहरातल्या गरिबाला सरकारी मदत म्हणजे रेशनचे रॉकेल. त्यासाठी कार्ड हवे, कार्डासाठी पत्ता हवा, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे बिल चाले! अंधारात राहणाऱ्याने दिव्याची पावती दाखवून रॉकेल न्यावे, असा हा कारभार. १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या कार्डासाठी शहरात कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपयांच्या आत हवे, असे ठरले. महिन्याचे १,२५० रुपये. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यालाही हे सरकार श्रीमंत समजत होते. आणि गरिबाच्या नावाने निघालेले स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाई, हे सर्वांना ठाऊक होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ हा काळा धंदा अडवायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. गरिबाच्या चिमणीतल्या तेलावर किती मोठी माणसे जगत होती, ते त्या दिवशी दिसले.

आता विजेच्या दराकडे वळू. दर ठरवणे १९९८ च्या कायद्यानंतर आयोगाकडे गेले, आणि २००३ च्या वीज कायद्यानेही ते तिथेच ठेवले. फेब्रुवारी २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणाने दर घरामागे दिवसाला एक युनिट हा किमान जीवनावश्यक वापर मानला. जानेवारी २००६ च्या दरधोरणाने दारिद्र्यरेषेखालच्या, महिन्याला साधारण तीस युनिटांच्या आत वापर असणाऱ्या ग्राहकाला स्वस्त दर द्यावा असे सुचवले. तोही पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या निम्म्याहून कमी नसावा. महाराष्ट्राच्या आयोगाने घरगुती ग्राहकांत ‘दारिद्र्यरेषेखालील’ असा वर्ग ठेवला. सुरुवातीच्या आदेशांत अट अशी, की मंजूर भार ०.१ किलोवॅटच्या आत हवा आणि आधीच्या वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत. पुढे भाराची मर्यादा वाढून ०.२५ किलोवॅट झाली. ३६० युनिटे मात्र राहिली.

हा हिशेब वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करावा. साठ वॅटचा एक दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याची नऊ युनिटे. पंच्याहत्तर वॅटचा एक पंखा रोज दहा तास फिरला, तर साडेबावीस. बेरीज साडेएकतीस. दिवा आणि पंखा मिळून भार १३५ वॅट, म्हणजे ०.१ किलोवॅटच्या वर. याचा अर्थ, सिमेंटच्या पत्र्याखाली, मे महिन्यात, ज्याने एक दिवा आणि एक पंखा लावला तो गरीब राहिला नाही. आयोग तुम्हाला मजुरी विचारत नाही, जात विचारत नाही, घरात खाणारी तोंडे किती हेही विचारत नाही. तो मीटर वाचतो आणि तुमचे दारिद्र्य ठरवतो. तान्ह्या पोराला वारा लागावा म्हणून आईने बटण दाबले की कुटुंब दारिद्र्यरेषा ओलांडते. आणि एकदा वरच्या वर्गात गेलेला ग्राहक पुन्हा खालच्या वर्गात येणार नाही, असेही आयोगाच्या आदेशांत होते. चातुर्वर्ण्यात वर जाता येत नव्हते. इथे खाली येता येत नाही, एवढाच फरक! बाबासाहेबांच्या दोन शब्दांपैकी ‘स्वस्त’ हा शब्द सरकारने उचलला, तो ‘मुबलक’ला वगळून. वीज स्वस्त मिळेल, पण तुम्ही ती वापरली नाहीत तर.

या राज्यात विजेची मोठी सवलत कोणाला मिळाली, हेही त्याच पाटीवर मांडले पाहिजे. कृषिपंपांना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अश्वशक्तीवर ठरीव दर. २००४ च्या निवडणुकीआधी फुकट वीज, वर्षभरात ती बंद. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा फुकट. शेतकऱ्याला ते मिळू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु पंपाला विहीर लागते आणि विहिरीला जमीन. ज्यांच्या वाट्याला जमीनच आली नाही, त्यांच्या वाट्याला पंपाची सवलत कशी येणार? भूमिहीनाच्या विजेची सवलत तीस युनिटांची. फेब्रुवारी २०२० मध्ये ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घरगुती ग्राहकांना शंभर युनिटांपर्यंत वीज मोफत देण्याचा विचार बोलून दाखवला. दिल्लीत आदल्याच वर्षी दोनशे युनिटांपर्यंतचे बिल शून्य झाले होते. इथे तो विचार विचारच राहिला.

पण वस्तीतला खरा प्रश्न या वर्गवारीच्याही अलीकडचा आहे: मीटर कोणाच्या नावावर? मी दहावीला होतो तेव्हा आम्ही कल्याण पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहात होतो. मीटर मालकाचा, खोल्या पाच. आम्ही भाडे देत होतो ते खोलीचे वेगळे आणि ‘पॉइंट’चे वेगळे, दिव्याचा एक पॉइंट, टेबलफॅन लावला तर दुसरा. रात्री दहाला मालक फ्यूज काढून घरी नेत असे. पुढे सबमीटर आला, तेव्हा आम्हाला वाटले न्याय आला. बी.ए.ला असताना मी त्याचा हिशेब मांडला. पाच खोल्या, प्रत्येकी साठ युनिटे. वेगवेगळे मीटर असते तर प्रत्येकाची साठही युनिटे शंभरच्या आतल्या स्वस्त टप्प्यात बसली असती. एका मीटरवर ती तीनशे होतात. त्यातली दोनशे दुसऱ्या टप्प्यात जातात. २०२३-२४ मध्ये या दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता. म्हणजे गरिबासाठी आखलेला स्वस्त टप्पा भाडेकरू गरिबाला महाग पडतो. आणि वर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारचेच.

कायदा तसा चांगला आहे. २००३ च्या कायद्याचे ४३ वे कलम ‘मालक किंवा भोगवटादार’ अशा दोघांच्याही अर्जावर वीज देण्याचे बंधन घालते. पण भोगवटा सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागदावर सही मालकाची. आमच्या आईच्या नावाचे पहिले बिल आले ते २००९ मध्ये, स्वतःची खोली झाल्यावर. ते तिने भरले, आणि जातीच्या दाखल्याबरोबर ट्रंकेत ठेवले. तिला ती विजेची पावती वाटली नाही. आपण इथे राहतो याची सरकारने दिलेली कबुली वाटली. झोपडपट्टीत १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा तारखा लागत गेल्या, तेव्हा जुन्या बिलांनी कितीतरी घरे वाचवली. बिल भरणे जड जात असतानाही वस्तीतली बाई बिल मागते, याचे कारण इथे आहे. आणि ‘आकडा टाकणारे लोक’ म्हणून आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांना ते कळत नाही.

२०२१ मध्ये राज्याने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ आणली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना पाचशे रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, घरगुती जोडणी. मुदत १४ एप्रिल ते ६ डिसेंबर. जयंतीला पेटून महापरिनिर्वाणदिनी विझणारा प्रकाश कोणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे! अटी अशा, की त्या जागेवर जुनी थकबाकी नको, वीजसंच मांडणीचा चाचणी अहवाल हवा आणि जातीचा दाखला हवा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तेव्हा परभणीहून आलेल्या नातवाने कल्याणात दिवा लावायचा, तर आजोबा कोणत्या महारवाड्यात राहात होते हे दाखवायचे. योजना वाईट नव्हती. ज्यांना जोडणी मिळाली त्यांच्या घरी उजेड पडला. पण तीही जोडणीपाशीच थांबली. उज्ज्वला योजनेत शेगडी आली आणि पुढच्या सिलिंडरपाशी चूल पुन्हा पेटली, तोच प्रकार. पुढच्या महिन्याचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या नावात बसत नाही.

तो प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत उघडा पडला. एप्रिल-मेमध्ये मीटर वाचले गेले नाहीत, सरासरी बिले आली, आणि जूनमध्ये सगळे एकदम अंगावर आले. मजुरी बंद, माणसे दिवसभर घरात. सवलत म्हणून तीन हप्ते मिळाले. आणि जो एकरकमी भरेल त्याला दोन टक्के सूट. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सूट, नाहीत त्याला हप्ते! दिवाळीआधी दिलासा देऊ म्हणणाऱ्या सरकारने नोव्हेंबरात हात वर केले. याच वर्षी १ मार्चपासून कळवा-मुंब्रा-शिळची वीज खाजगी कंपनीच्या हाती गेली होती. भिवंडी तर २००७ पासूनच. दर आयोगाचा, वसुली कंपनीची. खाजगी की सरकारी हा १९४३ चा प्रश्न आपल्या दारात आला, तेव्हा आपल्याला बाबासाहेबांचे भाषण आठवले नाही.

मी इतिहास शिकवतो. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घरचे विजेचे बिल ‘ऐतिहासिक साधन’ म्हणून वर्गात आणायला सांगितले. काहींनी आईवडिलांच्या नावाचे आणले, काहींनी घरमालकाच्या नावाचे. पाच-सहा जणांनी वहीचा फाडलेला कागद आणला: मागचे रीडिंग, आताचे रीडिंग, वजाबाकी, गुणिले दर, आणि खाली मालकाची आद्याक्षरे. एका मुलीने अशा चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून आणल्या होत्या, नऊ वर्षांच्या. असे कागद कोणत्याही दफ्तरखान्यात नाहीत. ज्यांच्या घरी ते असतील त्यांनी ते फेकू नयेत, तारीख घालून जपून ठेवावेत; आणि शक्य असेल तर त्या महिन्यात घरात कोण आजारी होते, कोणाचे काम सुटले होते, तेही मागे लिहून ठेवावे.