परक्या भूमीवर आपलाच कायदा

1784 च्या नोव्हेंबरात मुंबईहून गेलेलं ‘लेडी ह्यूज’ हे व्यापारी जहाज कँटनजवळच्या व्हाम्पोआ इथे नांगरलं होतं. सलामीची तोफ उडाली आणि जवळच्या होडीतले दोन चिनी प्राणाला मुकले. चिनी अधिकाऱ्यांनी व्यापार रोखून तोफची ताब्यात घेतला. जानेवारीत त्याला गळा आवळून देहदंड दिला. तेव्हापासून आपला माणूस चिनी न्यायाच्या हवाली करायचा नाही, असा हट्ट ब्रिटिशांनी धरला.

या हट्टाचा हक्क झाला तो तोफांच्या बळावर. बंगालची आणि मुंबईमार्गे जाणारी माळव्याची अफू चीनने अडवली, पहिलं अफूयुद्ध झालं, चीन हरला. 1842 च्या नानकिंग तहामागून 1843 मध्ये पूरक करार आले. चिनी भूमीवर ब्रिटिशाने गुन्हा केला तरी शिक्षा ब्रिटिश कायद्यानेच, हे त्यांत लिहून घेतलं. सोबत आणखी एक कलम होतं: चीन इतर कोणत्याही राष्ट्राला जी सवलत देईल, ती ब्रिटनलाही मिळेल. 1844 मध्ये अमेरिकेच्या केलेब कुशिंगने वांगशियाच्या करारात हाच हक्क आणखी सविस्तर मांडला. पाठोपाठ फ्रान्सही आला. एकाने मिळवलेलं सर्वांचं होऊ लागलं. शांघायमध्ये परकीयांची वेगळी वसाहत वाढली, तिच्या पोलिसांत शीख शिपाईही होते. 1865 मध्ये तिथे ब्रिटिशांचं सर्वोच्च न्यायालय बसलं, 1906 मध्ये अमेरिकेचं.

जपानने आपल्यावरचं असलंच जोखड 1899 मध्ये फेकलं, तुर्कस्तानने 1923 मध्ये. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचा आणि क्रांतीनंतरच्या रशियाचा चीनमधला हक्कही संपला. मात्र 1926 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने ‘आधी न्यायव्यवस्था सुधारा’ असं चीनलाच बजावलं. हा हक्क सोडण्याबाबतची 1931 ची बोलणी मंचुरियावरच्या जपानी आक्रमणात बुडाली.

हक्क सामाईक होता, म्हणून तो सोडायलाही एकमत लागलं. 1942 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल आणि ब्रिटनचे अँथनी ईडन यांनी लंडनमधले अमेरिकी राजदूत जॉन वायनंट यांच्यामार्फत सल्लामसलत केली. 10 ऑक्टोबरला, चिनी प्रजासत्ताकाच्या राष्ट्रदिनी, हक्क सोडण्याची दोन्ही देशांची घोषणा झाली. मसुदे एकमेकांना दाखवून जुळवले गेले. ब्रिटनशी बोलणी अडली ती हाँगकाँगलगतच्या भाडेपट्ट्याच्या मुलखावर. ब्रिटनने तो सोडला नाही, चीनने पुढे मागण्याचा हक्क राखून ठेवला. दरम्यान 9 जानेवारी 1943 ला जपानने नानकिंगमधल्या आपल्या अंकित सरकारशी तसाच करार करून आघाडी घेतली. 11 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये हल आणि चिनी राजदूत वेई ताओमिंग यांनी, चीनच्या युद्धकालीन राजधानीत, चुंगकिंगमध्ये, ब्रिटिश राजदूत होरेस सेमूर आणि चिनी परराष्ट्रमंत्री टी. व्ही. सूंग यांनी सह्या केल्या. ब्रिटिश करारावर हिंदुस्थान सरकारतर्फे ह्यू रिचर्डसन यांची वेगळी सही आहे. हिंदुस्थान स्वतः पारतंत्र्यात होता!

शांघाय तेव्हा जपानच्या ताब्यात असल्याने प्रत्यक्षात सोडण्यासारखं थोडंच उरलं होतं. तरीही शंभर वर्षांची अवहेलना कागदावरून पुसली गेली, आणि ते मोलाचं होतं. करार 20 मेला अमलात आले. दुसऱ्याच दिवशी, 21 मेला, चीनमधल्या अमेरिकी सैनिकांचे गुन्हे अमेरिकी लष्करी न्यायालयांनीच चालवावेत, अशी पत्रं चिनी आणि अमेरिकी सरकारांनी एकमेकांना दिली. परक्या सैन्याला आपल्या भूमीवर जागा देणाऱ्या कोणत्याही देशाच्या नागरिकांनी आपल्या करारातलं असं कलम सर्वांत आधी वाचावं.