फुलपाखरे, स्थलांतर करणारी

ऋतू पालटला की अन्न, ओलावा आणि अंडी घालण्याजोगी कोवळी पाने यांसाठी ठरावीक दिशेने थव्याने दूर जाणारी फुलपाखरे. छत्रपती संभाजीनगर परिसरात यांपैकी ब्लू टायगर, प्लेन टायगर, कॉमन क्रो, कॉमन एमिग्रंट, मॉटल्ड एमिग्रंट आणि पेंटेड लेडी आढळतात. कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, म्हैसमाळ, अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि शहरातील हिमायतबाग ही त्यांना पाहण्याची चांगली ठिकाणे.

पक्षी जातो आणि तोच परत येतो. फुलपाखराचे आयुष्य तोकडे असल्याने हा प्रवास बहुधा पिढ्यांमध्ये वाटला जातो. आफ्रिका ते युरोप आणि परत अशी पेंटेड लेडीची सुमारे 15,000 किलोमीटरची फेरी पुरी व्हायला सहा पिढ्यांपर्यंत लागतात. उत्तर अमेरिकेतील मोनार्कची शरद ऋतूतली पिढी मात्र मेक्सिकोतील डोंगरांपर्यंतचा सारा पल्ला एकटीच गाठते. तिची तिथली हिवाळी मुक्कामाची जागा संशोधकांना 1975 मध्ये सापडली.

भारतात या प्रवासाचे वेळापत्रक मान्सून ठरवतो. दक्षिणेत एप्रिल ते जून या काळात, घाटावर धुवाधार पाऊस सुरू होण्याआधी, ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो यांचे लोंढे पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांकडे निघतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, उलटा प्रवास होतो. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी 2005 मध्ये या स्थलांतरातील जाती, नर-माद्यांचे प्रमाण आणि दिशा यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बाजूचे अंतर साधारण 350 ते 500 किलोमीटर भरते. प्रवासाला निघालेल्या बहुतेक माद्यांच्या पोटात अंडी तयार झालेली नसतात. बळ आधी उडण्याकडे, मग विणीकडे.

मराठवाड्याचा माळ कोरडा आणि पानगळीचा. पावसाने तो हिरवा झाला की एमिग्रंटचे दिवस येतात. कॉमन एमिग्रंटची मादी बहाव्याच्या कोवळ्या पानांवर उभट, बाटलीच्या आकाराची अंडी घालते. मॉटल्ड एमिग्रंटला टाकळा आणि तरवड चालतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तीनेक आठवड्यांत उरकतो. म्हणून चांगल्या पावसानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर दाटीने बसलेली पिवळी-पांढरी फुलपाखरे पाहून पुष्कळांना ते स्थलांतर वाटते. ते नव्हे. हे बहुतेक नर असतात आणि सोंडेने मातीतील क्षार शोषत असतात. टायगर आणि क्रो गटातले नर आणखी एक गोष्ट करतात: खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या वाळत चाललेल्या पानांवर ते पायांनी ओरखडे काढतात आणि तिथून पाझरणारा रस सोंडेने टिपतात. त्या रसातील अल्कलॉइडपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागण्यातही त्याचा वाटा असतो. प्लेन टायगरची अळी तर रुईची विषारी पाने खाऊनच वाढते.

या साऱ्यांचा आधार म्हणजे ज्यांना आपण तण म्हणतो त्या वनस्पती. टाकळा, रुई, तरवड, खुळखुळा, भुरुंडी बांधावर, पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला आपसूक उगवतात आणि तणनाशकाच्या एका फवाऱ्यात किंवा सुशोभीकरणाच्या एका फेरीत नाहीशा होतात. वाटेतली अशी प्रत्येक जागा फुलपाखरांच्या दृष्टीने मुक्कामाचे आणि पैदाशीचे ठिकाण असते. कुंपणाला लावलेली कण्हेर आणि अंगणातला उंबर या दोन्हींवर कॉमन क्रोच्या अळ्या पोसतात. शहराला त्यांच्यासाठी वेगळे उद्यान उभारण्याआधी आहे ते राखणे अधिक गरजेचे आहे.

थवा दिसल्यास तारीख, वेळ, ठिकाण, उडण्याची दिशा आणि एका मिनिटात समोरून गेलेल्यांची संख्या लिहून ठेवावी. पंख ताजे की झिजलेले, हेही टिपावे. छायाचित्रासह अशी नोंद 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर पाठवता येते. 2020 पासून दर सप्टेंबरमध्ये देशभर साजऱ्या होणाऱ्या 'बिग बटरफ्लाय मंथ'मध्येही सामान्य निरीक्षकांना सहभागी होता येते. मराठवाड्यातून अशा नोंदी जितक्या जास्त जातील, तितके या भागातील फुलपाखरांच्या वाटांचे चित्र स्पष्ट होईल. वाचकांनी यंदाच्या पावसाळ्यापासूनच वही हाताशी ठेवावी.