सॉफ्टबॉलमधील पिचरचे पाऊल : नियम, तंत्र आणि गती यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सॉफ्टबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांची नजर पिचरच्या हातावर खिळलेली असते. पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे पूर्ण वर्तुळात फिरणारा हात आणि कमरेजवळून सुटणारा वेगवान चेंडू हेच या खेळाचे ओळखचित्र बनले आहे. तथापि त्या वेगाचा आरंभ हातात होत नाही. तो पिचरच्या पायांत, जमिनीला दिलेल्या रेट्यात होतो. खेळाच्या नियमकर्त्यांना याची जाणीव फार पूर्वीपासून होती, असे नियमांच्या इतिहासावरून दिसते. हाताच्या हालचालीस त्यांनी बरीच मोकळीक दिली, पाऊल मात्र सतत बांधून ठेवले. हे बंधन का आले, ते कसे सैल होत गेले आणि स्त्री खेळाडूंच्या बाबतीत ते अधिक काळ का टिकले, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचा उगम आणि पिचरचे स्थान

२४ नोव्हेंबर १८८७ रोजी शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅन्कॉक यांनी या खेळाचा पहिला डाव मांडला. बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून चेंडू बनविण्यात आला व झाडूचा दांडा बॅट म्हणून वापरला गेला. हिवाळ्यात छताखाली खेळावयाचा बेसबॉल, हे त्याचे मूळ रूप होते. जागा अपुरी, चेंडू मोठा व मऊ, आणि फेक खांद्याखालून. या तिन्ही गोष्टी परस्परपूरक होत्या. १८९५ मध्ये मिनियापोलिस येथे लुईस रोबर यांनी अग्निशमन दलातील सहकाऱ्यांसाठी असाच खेळ मोकळ्या मैदानावर आणला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हकॅन्सन यांनी सुचविले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मोठी स्पर्धा भरली आणि त्याच वर्षी अॅमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली. विखुरलेल्या नियमांना एकरूपता येण्याची प्रक्रिया येथून गतिमान झाली.

मैदान मोकळे झाले तरी पिचर आणि बॅटर यांच्यातील अंतर थोडेच राहिले. पुरुषांसाठी ते ४६ फूट (१४.०२ मीटर), तर स्त्रियांसाठी दीर्घकाळ ४० फूट (१२.१९ मीटर) होते. बेसबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच आहे. इतक्या कमी अंतरावरून पिचर धावत येऊन चेंडू फेकू लागला, तर बॅटरला संधीच उरणार नाही. म्हणून पिचरला २४ इंच लांब व ६ इंच रुंद पट्टीशी, म्हणजे पिचर्स प्लेटशी जखडण्यात आले. पुढे एकच पाऊल टाकावे आणि तेही प्लेटच्या लांबीइतक्या मार्गातच पडावे, अशी अट आली. मूळ कल्पना किती कडक होती हे आजच्या ‘स्लो पिच’ प्रकारावरून समजते. त्यात चेंडू हातातून सुटेपर्यंत आधाराचा पाय प्लेटवरच ठेवावा लागतो.

हाताचे तंत्र : स्लिंगशॉट आणि विंडमिल

वेगवान प्रकारात हाताच्या दोन पद्धती विशेष रूढ झाल्या. स्लिंगशॉट पद्धतीत हात मागे वर नेऊन गलोलीप्रमाणे पुढे आणला जातो. विंडमिल पद्धतीत तो पूर्ण वर्तुळ फिरतो, मात्र दीडपेक्षा अधिक फेऱ्यांस नियम अनुमती देत नाही. रेबेस्टोस ब्रेकेट्स संघाच्या जोन जॉईस यांनी स्लिंगशॉटच्या बळावर मोठा लौकिक मिळविला. १९६० च्या दशकाच्या आरंभी कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथे झालेल्या प्रदर्शनीय लढतीत त्यांनी बेसबॉलचे श्रेष्ठ बॅटर टेड विल्यम्स यांना निष्प्रभ केले. पुरुषांच्या खेळात एडी फेग्नर यांनी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे यांच्यासह सहा नामवंत बॅटरांना एकापाठोपाठ बाद केले. या पराक्रमांचे श्रेय लोकांनी हाताला व मनगटाला दिले. पायांचे कार्य अलक्षित राहिले.

पायांतून निर्माण होणारी गती

विंडमिल फेकीतील पायांच्या कार्याचे तीन टप्पे मानता येतात. पहिल्या टप्प्यात पिचर शरीराचा भार आधाराच्या पायावर आणते, गुडघा व घोटा वाकविते आणि प्लेटला मागच्या दिशेने रेटा देते. त्या रेट्याची प्रतिक्रिया शरीराला पुढे ढकलते. दुसऱ्या टप्प्यात मोकळा पाय लांब झेपावतो आणि मागचा पाय प्लेट सोडून त्यामागे ओढला जातो. शरीराचा संपूर्ण भार आता होम प्लेटच्या दिशेने गतिमान असतो. तिसरा टप्पा निर्णायक होय. पुढचा पाय टेकतो, ताठ राहतो आणि ती गती एकाएकी रोखतो. शरीराचा खालचा भाग थबकला की त्यातील गती कंबर, धड, खांदा, कोपर व मनगट अशा क्रमाने वर चढते. धावणारी गाडी अचानक थांबली की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसाच हा प्रकार आहे. पुढचा पाय गुडघ्यात लवला, तर मागच्या पायाने मिळविलेली गती हातापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विरते. म्हणूनच केवळ जोरदार रेटा पुरेसा नाही. ती गती रोखणारा भक्कम पायही तितकाच आवश्यक आहे.

या गतीचा दुहेरी लाभ होतो. चेंडूचा वेग वाढतो आणि तो बॅटरच्या अधिक जवळून सुटतो. ४३ फूट (१३.११ मीटर) अंतरावरील पिचरने सुमारे १.८ मीटर पुढे येऊन ताशी ११३ किलोमीटर वेगाने चेंडू सोडला, तर बॅटरला सुमारे ०.३६ सेकंद मिळतात. अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धांत स्त्रियांसाठीचे अंतर १९८८ मध्ये ४० वरून ४३ फूट करण्यात आले व पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही तेच स्वीकारले गेले. यामागील अर्थ यावरून ध्यानात येतो.

ड्रॅग, लीप आणि क्रो हॉप

मागच्या पायाला प्लेट सोडून पुढे येण्याची मुभा मिळाल्यावर वाद उभा राहिला तो त्याने कसे यावे याविषयी. पायाचा चवडा जमिनीला घासत आणणे म्हणजे ड्रॅग. दोन्ही पाय क्षणभर हवेत राहणे म्हणजे लीप. हवेतून उतरून मागचा पाय नव्या जागी रोवणे व तेथून पुन्हा रेटा देणे म्हणजे क्रो हॉप. यांपैकी क्रो हॉपवरील बंदी तर्कसंगत आहे, कारण त्यात पिचर प्रत्यक्षात प्लेटच्या पुढून फेक करते व ठरविलेले अंतर निरर्थक ठरते. लीपमध्ये दुसरा रेटा नसतो. शरीराला गती मिळते ती प्लेटवरील एकाच रेट्यातून.

असे असूनही पुरुषांना लीपची मुभा मिळाली आणि स्त्रियांना मात्र दीर्घकाळ ड्रॅगचीच सक्ती राहिली. या भेदाला शरीरशास्त्राचा सबळ आधार दिसत नाही. उलट जिचा रेटा अधिक सामर्थ्यवान तिचाच पाय जमिनीपासून सुटण्याची शक्यता अधिक, म्हणजे बलवान खेळाडूच दोषी ठरे. पाय जमिनीपासून किंचित उचलला गेला की नाही, हे पंचांनी उघड्या डोळ्यांनी ठरवावे लागे. एकच फेक एका सामन्यात वैध व दुसऱ्यात अवैध ठरू शके. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने २०२३ मध्ये नियम बदलला आणि २०२४ च्या हंगामापासून दोन्ही पाय हवेत असण्यास मान्यता दिली. क्रो हॉपवरील बंदी कायम ठेवली.

पाय आणि खांद्याचे आरोग्य

खांद्याखालची फेक नैसर्गिक असल्याने ती निर्धोक आहे, असा समज बराच काळ प्रचलित होता. १९८९ च्या हंगामातील २४ महाविद्यालयीन पिचरांच्या पाहणीत २६ दुखापती नोंदल्या गेल्या आणि या समजाला धक्का बसला. १९९८ मधील जैवयांत्रिकी अभ्यासानेही खांदा व कोपर यांवरील ताणाकडे लक्ष वेधले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत ४१३ चेंडू फेकून संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. एवढा भार केवळ खांद्यावर टाकणे धोक्याचे होय. पायांनी आपला वाटा उचलला नाही, तर उणीव खांद्याला भरून काढावी लागते.

निष्कर्ष

१) पिचरच्या पावलावरील बंधने ही अंतर आणि वेग यांचा समतोल राखण्यासाठी निर्माण झाली. क्रो हॉपवरील बंदीत तो हेतू आजही जिवंत आहे.

२) स्त्रियांसाठीची ड्रॅगची सक्ती या समतोलासाठी अनिवार्य नव्हती. २०२३ च्या निर्णयाने ही विसंगती महाविद्यालयीन क्षेत्रात दूर झाली.

३) भारतात १९६१ मध्ये सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली व महाराष्ट्रातील शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांत हा खेळ रुजला. येथील प्रशिक्षणातही हाताच्या वर्तुळापूर्वी प्लेटवरील रेटा आणि पुढच्या पायाची स्थिरता शिकविली जावी. खेळाडूचा वेग आणि तिचा खांदा, दोहोंचे हित त्यातच आहे.