कमरेचें दुखणें आणि हालचालीचा उपचार

१ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली. तोंपर्यंत या शहरांत विणकाम म्हणजे कोष्ट्यांच्या घरचा हातमाग. गिरणीनें कामगाराला यंत्रापुढें उभें केलें. बसून विणा कीं उभ्यानें, ताण कमरेवर येतोच. ज्याची मजुरी हजेरीवर ठरते, त्याची कंबर धरली म्हणजे घरची चूल थंडावते.

वैद्यांना हें दुखणें कटिशूल म्हणून ठाऊक होतें. पायांत उतरणाऱ्या कळेस ते गृध्रसी म्हणत. तेल, शेक व लेप हे घरोघरचे उपाय होते. पाश्चात्य वैद्यकाचा भर मात्र विश्रांतीवर पडला. वेदना व विश्रांति यांवरील जॉन हिल्टन यांचा ग्रंथ १८६३ सालीं लंडनांत निघाला, आणि पुढें कित्येक वर्षें कंबरदुखीस अंथरूण हेंच औषध समजलें गेलें. श्रीमंतास पलंग परवडतो. मजुरास तो औषधाहून महाग पडतो.

हालचालीचा पक्षही जुनाच आहे. लिंग यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची संस्था काढली. लंडनमध्यें चार परिचारिकांनीं १८९४ सालीं मर्दनविद्येची संस्था स्थापिली. आजच्या फिजिओथेरपीचें एक मूळ तेथें आहे. विदर्भांत अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. नागपुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं लाभलें, आणि १९५३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळा निघाली.

दुखण्याच्या कारणाविषयीं मात्र मतें पालटत गेलीं. १९०५ सालीं बोस्टनच्या गोल्डथ्वेट व ऑसगुड यांनीं श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालील अस्थिकड्याच्या, सांध्यांकडे बोट दाखविलें. १९३४ सालीं मिक्स्टर व बार यांनीं मणक्यांमधील फाटलेल्या चकतीकडे लक्ष वेधलें. १९३७ सालीं विल्यम्स यांनीं पुढें वाकण्याचे व्यायाम सांगितले. १९५६ सालीं न्यूझीलंडमध्यें मॅकेन्झी यांना एक रोगी मागें वाकून पडल्यानें बरा होत असल्याचें आढळलें. दोन्ही दिशा परस्परविरुद्ध, तरी दोहोंनींही कांहीं रोग्यांस आराम पडला. व्यायाम रोग्यास पाहून ठरवावा, हाच त्यांतला धडा.

श्रोणीचा सांधा दोन-तीन अंशांपलीकडे फारसा हलत नाहीं, असें पुढील मोजमापांत दिसलें. म्हणून ‘हाड सरकलें, तें बसवा’ ही समजूत बहुधा फोल ठरते. श्रोणीचा कल पोट, नितंब व मांड्या यांचे स्नायू धरून ठेवतात. उताणें पडून, गुडघे दुमडून, पोट आंत घेत कंबर जमिनीस टेकविण्याचा साधा व्यायाम याच स्नायूंसाठीं आहे.

१९८६ सालीं अमेरिकेंत डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांति ताडून पाहिली. दोन दिवस निजलेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले, आणि बरें होण्यांत ते मागें पडले नाहींत. एम्प्रेस मिल आतां राहिली नाहीं. पण हजेरीवर जगणाऱ्या नागपूरच्या माणसास हा निष्कर्ष आजही मोलाचा आहे, कारण त्यांत पाठीबरोबर त्याची रोजीही वाचते.