शॅकलफर्ड, केली

शॅकलफर्ड, केली : अमेरिकन वकील. टेक्सस राज्यातील प्लेनो येथील ‘फर्स्ट लिबर्टी इन्स्टिट्यूट’ या संस्थेचे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व प्रमुख विधिज्ञ. ही धर्मादाय संस्था देणग्यांवर चालते आणि धार्मिक स्वातंत्र्याचे खटले पक्षकारांकडून फी न घेता लढवते.

बाप्टिस्ट परंपरेच्या बेलर विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. 1989 पासून ते व्हर्जिनियातील ‘रदरफर्ड इन्स्टिट्यूट’चे नैर्ऋत्य विभागाचे काम पाहत. 1997 मध्ये त्यांनी ‘लिबर्टी लीगल इन्स्टिट्यूट’ उभी केली. तिचे नाव 2009 मध्ये ‘लिबर्टी इन्स्टिट्यूट’ आणि 2016 मध्ये ‘फर्स्ट लिबर्टी’ झाले. दोनदा पाटी बदलली, अध्यक्ष मात्र तेच राहिले. याउलट, शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचा मुख्य कार्यकारी अधिकारी 2004 च्या कायद्यान्वये राज्य शासन नेमते. बदलीचा आदेश निघाला की तो जातो. तो प्रकार इथे नाही. संस्थापक हाच कारभारी, आणि त्याची कारकीर्द म्हणजेच संस्थेचा इतिहास.

सुरुवातीचे महत्त्वाचे यश टेक्ससमधलेच. फोर्ट वर्थच्या टिंडेल या धर्मशिक्षण संस्थेने राज्याच्या परवानगीविना ‘सेमिनरी’ हे नाव लावले आणि पदविका दिल्या, म्हणून तिला 1,73,000 डॉलर दंड झाला होता. धर्मगुरू कसे घडवावेत हे ठरवणे सरकारचे काम नव्हे, या भूमिकेला टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये मान्यता दिली. खुद्द प्लेनोतला वाद अधिक गाजला. 2003 च्या नाताळात एका शाळकरी मुलाला वर्गमित्रांना धार्मिक मजकूर जोडलेली पेने वाटू दिली नाहीत. 2011 मध्ये संघराज्याच्या पाचव्या अपील न्यायालयाने विद्यार्थ्याचा अभिव्यक्तीचा हक्क मानला. मुख्याध्यापकांना मात्र वैयक्तिक दायित्वातून मोकळे केले. निम्माच विजय तो.

पुढची मजल थेट वॉशिंग्टनमधील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ब्लेडन्सबर्गचा 40 फुटी युद्धस्मारक क्रूस (2019), सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणारे फुटबॉल प्रशिक्षक केनेडी (2022), रविवारी काम नाकारणारे टपाल कर्मचारी ग्रॉफ (2023) असे तिन्ही निकाल संस्थेच्या बाजूने लागले. शेवटचा तर एकमताने. यांपैकी एकाही खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे तोंडी युक्तिवाद शॅकलफर्ड यांनी केला नाही. केनेडी खटल्यात पॉल क्लेमेंट उभे राहिले. नामांकित फर्ममधले वकील विनामोबदला मिळवायचे आणि योग्य पक्षकार हेरायचा, हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे खरे कसब.

संस्था ज्यू पक्षकारांचीही वकिली करते. तरीही धर्मसंस्था व राज्य यांच्यातली भिंत या खटल्यांनी खिळखिळी केली, असे टीकाकार म्हणतात. केनेडी निकालाने शासन व धर्म यांच्या संबंधांची जुनी ‘लेमन’ कसोटी मोडीत काढली, हे पाहता त्या टीकेत तथ्य आहे.

संस्थेतून सत्तास्थानांकडे वाटाही निघाल्या. उपप्रमुख विधिज्ञ मॅथ्यू कॅझमेरिक 2019 मध्ये संघराज्याचे न्यायाधीश झाले. जेफ मटीर 2016 मध्ये टेक्ससच्या अॅटर्नी जनरलचे प्रथम साहाय्यक झाले, 2020 मध्ये राजीनामा देऊन प्लेनोला परतले आणि शॅकलफर्ड यांच्या हाताखाली पुन्हा रुजू झाले.