अहस्तांतरणीय भूमिहक्क : यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी जमिनींच्या संदर्भात

विकता न येणारी मालमत्ता ही खऱ्या अर्थाने मालमत्ता ठरते काय, असा प्रश्न विधिशास्त्रात उपस्थित केला जातो. यवतमाळच्या इतिहासात मात्र तो उलट बाजूने विचारावा लागतो. कारण येथे जमीन विकता येऊ लागली म्हणूनच ती आदिवासींच्या हातून जाऊ शकली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन सारा भरणाऱ्या खातेदारास जमीन कसण्याचा, विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. कापसाच्या तेजीमुळे जमिनीला भाव आला आणि ती सावकाराचे तारण बनली. ज्या गोंड-कोलामांच्या नावे खाती झाली, त्यांना मिळालेला हक्क पूर्ण होता; मेख नेमकी तेथेच होती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ६ जुलै १९७४ पासून समाविष्ट झालेल्या कलम ३६-अ ने हा क्रम उलटविला. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीविना बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. न्यायालयीन हुकूमनाम्याखालील विक्रीही त्यातून सुटत नाही. गावातील वा पाच किलोमीटर परिसरातील कोणीही आदिवासी ती घेण्यास तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. म्हणजेच धारकाची संमती पुरेशी नाही. त्याच्या हक्कात समूहाचाही अंश गृहीत धरला आहे. व्यक्तिस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांना हे खटकते, आणि ते अगदीच अकारण नाही.

त्याच वेळच्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणेही तपासास खुली केली. कायदेशीर, नोंदणीकृत खरेदीखतेही त्यातून सुटली नाहीत. जमीन परत घेणाऱ्याने ती स्वतः कसण्याची हमी द्यावयाची व आकारणीच्या ४८ पट रक्कम, शिवाय सुधारणांची किंमत, भरावयाची होती. लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वितरणात्मक न्यायाच्या तत्त्वावर वैध ठरविला. या कार्यवाहीत वकिलांना उभे राहण्यास असलेली मनाईही न्यायालयाने मान्य केली. करार करणाऱ्या दोन पक्षांत मुळातच समानता नव्हती, हे त्यामागील गृहीतक होते.

१९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी या तालुक्यांतील ठराविक गावे अनुसूचित क्षेत्रात आली. २०१६ पासून अशा क्षेत्रात हस्तांतरणासाठी ग्रामसभेची पूर्वमंजुरीही आवश्यक झाली. पुसदकडील आंध शेतकऱ्याची जमीन मात्र त्या क्षेत्राबाहेर असल्याने तिच्या संरक्षणाचा भार आजही जिल्हाधिकारी व शासन यांच्यावरच आहे.