साडेतीन मिलिमीटरची बखर

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे उभी राहतात. एखाद्या भोकाचा इतिहास सांगावयास कोणी व्यासपीठावर येईल, अशी श्रोत्यांची सहसा अपेक्षा नसते. तथापि आम्हांस आज सांगावयाचा आहे तो एका भोकाचाच इतिहास. हे भोक साडेतीन मिलिमीटर व्यासाचे. मोबाइल फोनच्या कडेला ते असे आणि हेडफोनची पिन त्यात बसे. त्याचे नाव जॅक. २०१६ सालापासून नामांकित कंपन्यांनी ते एकामागून एक बुजविण्यास आरंभ केला आणि त्यावरून जगभर कडाक्याचा वाद झाला. एवढ्याशा छिद्रासाठी शहाण्यासुरत्या माणसांनी इतके का भांडावे, हा प्रश्न आम्हांसही प्रथम पडला होता.

विषय सुचला तो गंगापूर रोडवर. गोपिकाबाई पेशवे उत्तरायुष्यात ज्या गंगापुरास राहिल्या, त्या गावाकडे जाणारा हा रस्ता आता महाविद्यालयांचा, दवाखान्यांचा आणि उपाहारगृहांचा झाला आहे. सायंकाळी या रस्त्याने फिरताना माणसांच्या कानांकडे पाहण्याची आम्हांस खोड लागली. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या त्याच्या कानातून तार लोंबत असे. आता महाविद्यालयीन मुलामुलींच्या कानांत बिनतारी पांढऱ्या कळ्या दिसतात. पण इमारतीच्या फाटकाशी बसलेला रखवालदार, हातगाडीवरचा भाजीवाला आणि सोमेश्वराकडच्या थांब्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला यांच्या कानांत अजून तारच असते. एकाच रस्त्यावर दोन काळ शेजारी शेजारी चालले आहेत. हे कसे झाले, याचा माग काढावा म्हणून आम्ही मागे मागे गेलो आणि थेट १८७८ सालाशी जाऊन पोहोचलो.

त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन या गावी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. शंभर घरांतील शंभर तारा एका ठिकाणी आल्या म्हणजे यातली कोणती तार कोणत्या तारेला जोडावयाची, हा प्रश्न उभा राहतो. चार्ल्स स्क्रिब्नर नावाच्या तरुण यंत्रज्ञाने त्यावर जी युक्ती काढली तिच्यातील कळ मिटत्या चाकूसारखी होती. अशा चाकूस इंग्रजीत जॅक-नाइफ म्हणतात; त्यातला चाकू पुढे गळाला आणि जॅक तेवढा उरला. एक्स्चेंजच्या फळीवर भोकांच्या रांगा आणि समोर बसलेल्या मुलीच्या हातात पितळी पिनांच्या दोऱ्या, हे चित्र पुढे जगभर रूढ झाले. त्या पिनेची जाडी पाव इंच. तिचे टोक हा एका तारेचा संबंध आणि टोकामागचे कडे हा दुसरीचा. टेलिफोनच्या दोन तारांना तंत्रज्ञ अजून ‘टिप’ आणि ‘रिंग’ म्हणतात, ती नावे त्या पिनेवरून पडली आहेत. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत एक्स्चेंज आले ते १८८२ साली. आपल्यापैकी जे वयोवृद्ध आहेत त्यांस नाशिकहून मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसून राहिल्याचे स्मरण असेलच. त्या काळी आपला आवाज कसाऱ्याचा घाट उतरत असे तो कोणा अनोळखी बाईच्या हातातील त्या पिनेच्या कृपेने. पुढे थेट नंबर फिरविण्याची सोय झाली (आपल्या देशात ती प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान झाली), तेव्हा या पिनेचे काम संपावयास हवे होते. ते संपले नाही, कारण तोवर तिने दुसरा धंदा पत्करला होता.

तो धंदा गाणे ऐकविण्याचा. १९२७ साली मुंबईस नभोवाणी सुरू झाली तेव्हा साधा स्फटिकाचा रेडिओ बाळगणारास कानांस हेडफोन लावूनच ऐकावे लागे. त्या रेडिओस मोठ्याने बोलण्याची ताकद नव्हती. पुढे ट्रान्झिस्टर आला, खिशात मावू लागला, आणि त्यास जुनी पाव इंची पिन फार जाड पडू लागली. म्हणून १९५० नंतरच्या दशकात तिचे सुमारे निम्म्या जाडीचे, साडेतीन मिलिमीटरचे धाकटे भावंड निघाले. जपानच्या सोनी कंपनीने १९६४ साली काढलेल्या एका रेडिओने त्यास लोकप्रिय केले आणि त्याच कंपनीच्या १ जुलै १९७९ रोजी बाजारात आलेल्या वॉकमनने ते घरोघर नेले. पहिल्या वॉकमनला भोके दोन होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असेल. दोघांनी मिळून एक गाणे ऐकावे अशी कल्पना होती. आणि दोघांना ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही ठेविले होते. एकट्याने ऐकण्याच्या यंत्राचा जन्म असा दुकटेपणात झाला.

येथे थोडे थांबून एका गोष्टीकडे पाहावयास हवे. १८७८ पासून जवळजवळ दीडशे वर्षे ही पिन टिकली, ती काही फार नामी होती म्हणून नव्हे. ती घाणीने चोंदते, सैल होते, खरखरते. गंगापूर नाक्याजवळच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात क्षणभर उभे राहावे, टाचणीने त्या भोकातला कचरा काढण्याचे काम हमखास दृष्टीस पडे. ती टिकली याचे कारण असे की ती कोणाच्याच मालकीची नव्हती. गावच्या सार्वजनिक आडावर जसा ज्याने त्याने आपापला पोहरा आणि दोर आणावा व पाणी शेंदावे, तशी स्थिती होती. जपानचा रेडिओ, जर्मनीचा हेडफोन आणि उल्हासनगरची तार यांची कुंडली न जुळविताही लग्ने लागत. परवानगी मागावयाची नाही, कोणास पैसा द्यावयाचा नाही.

आणि आड उघडा असला म्हणजे ज्या कामासाठी तो खणला नाही, त्याही कामास लोक त्याचे पाणी नेतात. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेतील स्क्वेअर या कंपनीने याच भोकात बसणारे एक चिमुकले यंत्र काढले. दुकानदार त्यातून गिऱ्हाइकाचे कार्ड फिरवून फोनवर पैसे घेऊ लागला. कार्डाची खूण आवाजाच्या रूपाने भोकातून आत जाई. फार लांब जावयास नको. नाशिकास २०१५ साली सिंहस्थ भरला, त्याच सुमारास देशभर सेल्फीच्या काठ्यांचे पेव फुटले होते. त्यातील पुष्कळ काठ्यांची बारीक तार याच भोकात खुपसावी लागे, म्हणजे मुठीतली कळ दाबली की फोन छायाचित्र घेई. भोक करणारांनी यातले काहीही मनात आणिले नव्हते.

अर्थात आडावर भांडणे होत नसत असे नाही. फोनच्या पिनेस बोलण्याचीही सोय हवी म्हणून तिजवर चार कडी आली, तेव्हा बोलण्याची तार तिसऱ्या कड्यास लावावयाची की चौथ्या, यावरून उत्पादकांत दोन तट पडले. आणि एका तटाचा हेडफोन दुसऱ्या तटाच्या फोनवर लावला की ऐकू येई, पण बोलता येत नसे. ॲपल कंपनीने २००७ साली आपला पहिला आयफोन काढला, त्याचे भोक इतके खोल बसविले होते की बाजारातल्या पुष्कळ पिना त्यात शिरतच ना. ही चूक तिने पुढच्याच वर्षी सुधारली. २००८ साली आलेल्या पहिल्या ॲण्ड्रॉइड फोनला तर हे भोकच नव्हते. म्हणजे नंतर जे घडले त्याची चाहूल अगोदरच लागली होती.

७ सप्टेंबर २०१६ रोजी सान फ्रान्सिस्को येथे ॲपलने सातवा आयफोन जगापुढे ठेविला. त्यात जॅक नव्हता. ही बातमी महिनोन्‌महिने आधी फुटली होती. तीन लाखांवर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या आणि कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, यांनीही हे लोकांस आवडणार नाही असे जाहीरपणे सांगितले होते. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी मंचावरून या कृत्याचे कारण एका शब्दात सांगितले. तो शब्द होता ‘धैर्य’. त्याच मंचावर त्याच दिवशी १५९ डॉलर किमतीचे बिनतारी एअरपॉड्सही सादर करण्यात आले. एक भोक बुजविण्यास धैर्य लागते खरे. परंतु ते बुजविणाराच शेजारी नळ विकावयास बसला असेल, तर त्या धैर्याचे मोल थोडे कमी करून घ्यावे लागते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. फोनच्या पोटात तांदळाएवढी जागाही सोन्याच्या भावाची असते. भोक गेले म्हणजे तेथे दुसरे काही बसविता येते; पाणी आणि धूळ शिरण्याची एक वाट बंद होते; आणि तार नकोच असलेल्या लोकांची संख्या खरोखरच वाढत होती. यात तथ्य आहे. स्वयंपाक करणाऱ्या किंवा धावायला जाणाऱ्या माणसास बिनतारी हेडफोनचे जे सुख आहे ते आम्ही नाकारीत नाही. आमच्या घरातही ते आले आहेत. पण पाण्याचा मुद्दा तितकासा टिकत नाही, कारण त्याच वर्षी सॅमसंगने जॅक ठेवूनही पाण्यात टिकणारा फोन विकला होता. सातवा आयफोन उघडून पाहणारांस जॅकच्या जागी प्लॅस्टिकचा एक तुकडा आढळला. तो हवेचा दाब मोजण्याच्या कामी येतो असा खुलासा कंपनीने केला. पुढच्या वर्षी स्कॉटी अ‍ॅलन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने चीनमधील शेन्झेन येथे काही महिने खटपट करून त्या फोनमध्ये चालू स्थितीतला जॅक बसवूनही दाखविला. जागा अगदीच नव्हती असे म्हणता येत नाही.

या प्रकरणातील मौजेचा भाग प्रतिस्पर्ध्यांचा आहे. गूगलने २०१६ च्या ऑक्टोबरात आपल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत जॅक असल्याचा टेंभा मिरविला आणि बरोबर एका वर्षाने दुसऱ्या पिक्सेलमधून तो काढून टाकला. सॅमसंगने २०१७ साली आयफोनवाल्यांच्या जोड-तारांची जाहिरातीतून थट्टा केली आणि २०१९ च्या ऑगस्टात आपल्या नोट १० मधून तोच कित्ता गिरविला. आपल्या देशात तर ॲपलच्याही आधी, २०१६ च्या जूनमध्ये, लेइको या चिनी कंपनीने जॅक नसलेले फोन विकले. त्यातील एकाची किंमत बारा हजारांच्या आत होती. ती कंपनी पुढील वर्षीच डबघाईस आली, तिचे भोक बुजविणे मात्र मागे राहिले.

ॲपलने तारेचा हेडफोन अगदीच तोडला नव्हता. तो तिच्या स्वतःच्या ‘लाइटनिंग’ नामक खोबणीत लावावयाचा होता. ही खोबण २०१२ साली जन्मली. युरोपीय संघाने सर्व फोनांस एकच चार्जर असावा असा कायदा केला, आणि २०२३ च्या पंधराव्या आयफोनपासून ॲपलला ती सोडावी लागली. २०१६ साली ज्यांनी भोक गेले म्हणून लाइटनिंगचे हेडफोन घेतले, त्यांचे हेडफोन सात वर्षांत नव्या फोनास निरुपयोगी झाले. आजोबांच्या पाव इंची पिनेचा हेडफोन दोन रुपयांच्या जोडणीने नातवाच्या यंत्रावर चाले, हे लक्षात घेतले म्हणजे कोणती वस्तू जुनाट आणि कोणती टिकाऊ, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आणखी असे की, चार्जरच्या बाजूने उभा राहावयास एक कायदेमंडळ होते. कानाच्या भोकाच्या बाजूने कोणी नव्हते. जिला मालक नाही अशा वस्तूस वकीलही नसतो.

आम्हांस मात्र या सर्वांहून रेडिओची गोष्ट अधिक लागते. फोनमध्ये एफएम रेडिओ असला तरी त्यास एरियल लागते, आणि ते काम हेडफोनची तार बिनबोभाट करीत असे. नाशिक आकाशवाणी १०१.४ मेगाहर्ट्झवर लागते. त्या लहरीची लांबी होते सुमारे तीन मीटर. तिच्या चौथाईएवढी, म्हणजे पाऊण मीटर तार असली की ती लहर चांगली धरता येते. हेडफोनची तार नेमकी त्याच मापाच्या आसपासची. पूर्वी घराच्या कौलांवर बांबूला ताणून बांधीत ते एरियल असे माणसाच्या गळ्यात येऊन बसले होते. भोक गेले तेव्हा तार गेली, आणि तार गेली तेव्हा पुष्कळ फोनांतला फुकटचा रेडिओही मुका झाला. कानातल्या बिनतारी कळ्या हे काम करू शकत नाहीत. रेडिओ इंटरनेटवरून ऐकता येतो हे खरे, परंतु त्यास डेटा लागतो आणि पुरात मनोरा बंद पडला की तोही संपतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये फोन बनविणारांच्या संघटनांस कळविले, की फोनमधील एफएम रेडिओ बंद ठेवू नये आणि नसेल तेथे तो घालावा. गरिबांची व खेड्यांची गरज आणि आपत्तीचे प्रसंग ही कारणे त्यात दिली होती. तो सल्ला होता, हुकूम नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरल्या. दोन खोल्यांच्या घरात दोन मुले, एकीचा गणिताचा तास आणि एकाचा मराठीचा. त्या वेळी शंभर-सव्वाशे रुपयांच्या तारेच्या हेडफोनने किती घरांतील तंटे मिटविले, हे आयांना विचारावे. त्यास चार्ज करावे लागत नसे. बिनतारी कळ्यांच्या पोटातील विजेचा साठा दोन-तीन वर्षांत क्षीण होतो, आणि बहुतेकांत तो बदलण्याची सोय नसते. कळ्या जातात कचऱ्यात.

स्वस्त फोनांपैकी काहींत भोक अद्याप आहे, आणि रखवालदाराच्या कानात तार दिसते ती याच कारणाने. गेल्या महिन्यात आम्ही गंगापूर रोडवरील एका लहान दुकानात उभे असताना एक म्हातारे गृहस्थ नवा फोन घ्यावयास आले. त्यांनी कॅमेरा विचारला नाही, किंमतही आधी विचारली नाही. खिशातून गुंडाळलेली जुनी तार काढून त्यांनी काउंटरवर ठेविली आणि म्हणाले, “ही बसेल असा दाखवा. सकाळी रेडिओ लागतो मला.” दुकानदाराने तीन फोन बाजूस सारले आणि खालच्या फळीवरचा चौथा काढला.